आधी पीक, मग वीज

आज रथसप्तमी. अंगणात सात घोड्यांच्या रथाची रांगोळी निघेल, तुळशीपुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यात दूध तापेल आणि संक्रांतीपासून चाललेल्या हळदीकुंकवाचा आज शेवट होईल. सूर्याला नमस्कार करण्याचा हा दिवस. हा नमस्कार शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात खरा असतो. दाणा कशाने भरतो आणि उन्हाने काय करपते, हे दोन्ही त्याला पुस्तकाशिवाय ठाऊक असते.

अलीकडे या उन्हाला दुसरे मोलही आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या सौरऊर्जेच्या स्थापित क्षमतेने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांसाठी सोळा हजार मेगावॅट सौरवीज उभारण्याचे ठरवले आहे. हेतू उत्तम आहे. शेतीला आठवड्यातून काही दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्री वीज मिळते. रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या माणसाला साप, विंचू आणि नाशिक जिल्ह्यात तर बिबट्याही भेटतो. दिवसा वीज ही शेतकऱ्याची जुनी आणि न्याय्य मागणी आहे, आणि ती पुरी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग सूर्याकडून येतो.

अडचण जागेची आहे. जमिनीलगत पॅनेल मांडले तर एका मेगावॅटला चार ते पाच एकर लागतात. या हिशेबाने सोळा हजार मेगावॅट म्हणजे चौसष्ट ते ऐंशी हजार एकर जमीन. ही जमीन कुठून यायची, तिच्यावर आज काय पिकते, कोणाची गुरे चरतात आणि उद्या तिथे काय पिकणार, हे प्रश्न विचारण्याची वेळ पॅनेलचे खांब रोवण्याआधीची असते. आम्हाला वाटते, त्यांचे उत्तर शोधायला महाराष्ट्राने नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्याकडे पाहावे. जमीन थोडी, उतार फार, पाऊस अफाट आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग, असा हा तालुका. इथे जे जमेल ते राज्यात बहुतेक ठिकाणी जमेल.

त्र्यंबकची कथाच शेतापासून सुरू होते. दीर्घ अवर्षणात गौतम ऋषींनी वरुणाकडून अक्षय पाणी मिळवले, सकाळी भात पेरून दुपारी कापावे आणि आश्रमातल्या सर्वांना जेवू घालावे, असा त्यांचा क्रम होता, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पुढे याच भाताच्या शेतात शिरलेल्या गायीचा मृत्यू, त्याचे प्रायश्चित्त आणि ब्रह्मगिरीवर अवतरलेली गोदावरी. एका नदीचा उगम सांगताना लोकांनी भाताचे खाचर मध्यभागी ठेवले, ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. या डोंगरात जगणे म्हणजे खाचर, आणि खाचर गेले तर कथेतही काही उरत नाही.

ती खाचरे आजही आहेत. महादेव कोळी, वारली, ठाकूर, कातकरी कुटुंबे ती कसतात. खाली बांध घातलेल्या तुकड्यांत भात, वरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. राब भाजायचा, रोप टाकायचे, चिखलणी करून आवणी करायची आणि दिवाळीच्या सुमारास कापणी. त्यानंतर तालुक्याच्या बहुतेक भागात शेत मोकळे पडते. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ब्रह्मगिरी आणि अंजनेरीच्या उतारांवरून वाहून जातो आणि फाल्गुनापासून विहिरी तळ दाखवू लागतात. दुसरे पीक नाही म्हणून माणसे गिरणारेच्या मजूरबाजारात उभी राहतात, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला जातात. ज्या तालुक्यातून गोदावरी निघते, त्या तालुक्याचे लोक पाणी आणि काम दोन्ही शोधत खाली उतरतात.

अशा ठिकाणी कोणी येऊन म्हणेल की ही जमीन वर्षातून सात-आठ महिने पडूनच असते, ती भाड्याने द्या, आम्ही पॅनेल लावतो. राज्याच्या योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद आहे. ज्याची जमीन खरोखर नापीक आहे त्याला हा आधार मोठा आहे. पण भाडे सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. आवणीला येणाऱ्या बाईला, कापणीच्या मजुराला, पेंढ्यावर जगणाऱ्या गुरांना त्यातले काही मिळत नाही. पंचवीस वर्षे कुंपणाआड राहिलेल्या जमिनीवर परत नांगर धरायला त्या घरात कोणी शिकलेले उरेल का, हा प्रश्न तर कोणत्याही करारनाम्यात नसतो.

यावर उपाय आहे आणि तो चाळीस वर्षांहून जुना आहे. जर्मनीचे भौतिकशास्त्रज्ञ आडोल्फ गोएट्झबर्गर आणि त्यांचे सहकारी आर्मिन झास्ट्रो यांनी १९८१ मध्येच मांडले होते की पॅनेल उंचावर आणि विरळ लावले, तर त्याखाली बटाटे पिकवता येतील. जपानमध्ये आकिरा नागाशिमा यांनी २००४ पासून ही कल्पना शेतावर उतरवली. पिकाला एका मर्यादेपलीकडचे ऊन वापरता येत नाही, ते उरलेले ऊन विजेसाठी घ्यावे, हा त्यांचा विचार. जर्मनीतल्या कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या हेगेलबाख येथील शेतावर फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने १९४ किलोवॅटचा प्रकल्प उभारला. २०१७ मध्ये तिथे पीक आणि वीज प्रत्येकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास मिळाली. म्हणजे दोन्ही कामे वेगवेगळ्या जमिनींवर करण्याच्या तुलनेत जमिनीचा वापर १६० टक्के झाला. पुढचे २०१८ साल कडक उन्हाळ्याचे आणि कोरडे गेले, तेव्हा पॅनेलखालचा बटाटा उघड्या शेतापेक्षा ११ टक्के जास्त आला आणि एकूण आकडा १८६ टक्क्यांवर गेला. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी हवेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅनेलखाली टोमॅटोचे उत्पादन दुप्पट झाल्याचे दिसले. झाडांच्या बाष्पोच्छ्वासाने पॅनेलही थंड राहिले. याला महत्त्व आहे, कारण पॅनेल तापले की वीज कमी देते.

जितके ऊन कडक आणि पाणी कमी, तितका या सावलीचा फायदा अधिक. याच तर्काने फ्राउनहोफर संस्थेने महाराष्ट्रासाठी प्राथमिक अभ्यास केला आणि सावली व घटलेले बाष्पीभवन यांमुळे टोमॅटो आणि कापसाचे उत्पादन चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा अंदाज २०१७ मध्ये दिला. हा अंदाज आहे, निकाल नव्हे. निकाल आपल्या मातीतून यायला हवेत. राजस्थानात जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १०५ किलोवॅटच्या प्रकल्पात पॅनेलच्या रांगांमध्ये मूग, जिरे, इसबगोल घेऊन पाहिले आणि पॅनेलवर पडणारे पावसाचे पाणी टाकीत साठवले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानेही जीआयझी या जर्मन संस्थेच्या साथीने असा प्रयोग हाती घेतला आहे. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यासाठी मात्र वेगळी उत्तरे लागतील.

कारण त्र्यंबकचा प्रश्न जोधपूरचा नाही. इथे आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. भाताला त्या दिवसांत आधीच ऊन कमी पडते, त्यावर आणखी सावली धरली तर लोंब्या पोचट राहतील. जपानमधल्या एका अभ्यासानुसार सावलीचे प्रमाण साधारण २७ ते ३९ टक्क्यांपलीकडे गेले, तर भाताचे उत्पादन ऐंशी टक्क्यांवर टिकत नाही. आपल्या ढगाळ खरिपात ही मर्यादा आणखी खाली असू शकेल. नागली आणि वरई तर भर उन्हाची पिके. त्यांच्यावर पॅनेलचे छत घालणे म्हणजे त्यांना शेतातून हाकलणे. म्हणून खाचरांवर सरसकट पॅनेल ही कल्पना आम्हाला मान्य नाही. खाचर मोकळेच राहावे.

पण तालुक्यात फक्त खाचरे नाहीत. घराजवळचे परस आहे, विहिरीकाठचा भाजीचा तुकडा आहे, आले-हळदीला चालेल अशी अर्धसावलीची जागा आहे, रोपवाटिका आहे, वैरणीचा पट्टा आहे, मुरमाड उताराचे कोपरे आहेत. कार्तिकापासून वैशाखापर्यंत आभाळ स्वच्छ असते. वीज याच महिन्यांत भरपूर निघेल, पंपाला तिची गरजही याच महिन्यांत लागेल आणि मेथी-कोथिंबिरीला, टोमॅटोला, मिरचीच्या रोपांना चैत्राच्या उन्हात सावलीही तेव्हाच हवी असेल. तिन्ही गरजा एकाच ऋतूत येतात. नाशिकच्या शेतकऱ्याला मांडव नवा नाही. द्राक्षाचा मांडव त्याने उभा केला, गारपीट आणि अवकाळीपासून घड वाचवायला त्यावर प्लास्टिकचे आच्छादनही घातले. पिकाच्या डोक्यावर रचना उभारून तिच्या खर्चाचा हिशेब करणे त्याला कळते. ते शहाणपण निफाडहून त्र्यंबकपर्यंत यायला अंतर फार नाही.

त्याहून मोठी गोष्ट पाण्याची. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शंभर किलोवॅटच्या पॅनेलचे क्षेत्रफळ साधारण पाचशे चौरस मीटर भरते. दोन हजार मिलिमीटर पावसात त्यावर दहा लाख लिटर पाणी पडेल. पॅनेलच्या खालच्या कडेला पन्हाळ लावून ते अस्तर घातलेल्या शेततळ्यात नेले, तर डोंगरावरून वाहून जाणाऱ्या पावसाचा एक वाटा उन्हाळ्यापर्यंत हाताशी राहील. पन्हाळ न लावता पॅनेल उभे केले, तर तेच पाणी एका रेषेत कोसळून माती खरवडून नेईल. तेव्हा त्र्यंबकमध्ये पन्हाळ आणि तळे हे प्रकल्पाच्या आराखड्यातच असायला हवेत. या घाटमाथ्यावरचा वारा लक्षात घेऊन पायाही त्या बेताचा घ्यावा लागेल. स्वस्तात उरकलेली रचना पहिल्या वादळात पिकावरच पडेल.

एवढे सांगितल्यावर इतिहासाकडे पाठ फिरवता येणार नाही. सह्याद्रीतल्या भातकऱ्याने विजेसाठी किंमत मोजण्याची ही पहिली वेळ नाही. १९२१ च्या रामनवमीला मुळशीच्या मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यात उतरले, तुरुंगात गेले. मुंबईसाठी वीज तयार झाली आणि मावळातली सुपीक भातखाचरे पाण्याखाली गेली. त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरातल्या अप्पर वैतरणा धरणाचे पाणी मुंबईची तहान भागवते, त्यावर वीजही तयार होते, पण आजूबाजूचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. आणि अगदी अलीकडे, जानेवारी २०१८ मध्ये, धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळत नाही म्हणून मंत्रालयात विष घेतले. त्यांचा मृत्यू महाराष्ट्राच्या मनावर कायमचा राहायला हवा. वीज कोळशाची असो, पाण्याची असो की सूर्याची, ज्याच्या जमिनीवर ती तयार होते त्याला बाजूला सारले की अन्याय तोच राहतो. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

म्हणून आमच्या काही स्पष्ट मागण्या आहेत.

पहिली मागणी पिकाच्या अटीची. जपानने २०१३ मध्ये शेतावरच्या पॅनेलना परवानगी दिली, तेव्हा अट घातली की पॅनेलखालचे उत्पादन त्या भागातल्या सरासरीच्या ऐंशी टक्क्यांखाली जाता कामा नये. आपल्या पीएम-कुसुम योजनेच्या पहिल्या घटकात शेतजमिनीवरही प्रकल्प उभारता येतो, पण तिथे पॅनेल खांबांवर उंच आणि रांगांमध्ये पुरेसे अंतर ठेवून लावावे लागतात. ही तरतूद चांगली आहे, पण अपुरी आहे. खांब उंच असणे आणि त्याखाली खरोखर पीक उभे असणे यांत फरक आहे. महाराष्ट्राने आपल्या योजनेत पिकाची अट लिहावी, कृषी विभागाने दरवर्षी पीकपाहणी करून ती तपासावी आणि पीक थांबले तर विजेचा वाढीव दरही थांबावा.

वाढीव दर म्हणण्याचे कारण सरळ आहे. ट्रॅक्टर किंवा बैलजोडी खालून जाईल इतक्या उंचीवर पॅनेल न्यायचे तर लोखंड जास्त लागते, पाया खोल लागतो, आणि विरळ मांडणीमुळे एकरी वीज कमी निघते. जमिनीलगतच्या प्रकल्पाला मिळणाऱ्या तीन रुपयांच्या आसपासच्या दरात हा खर्च भागत नाही. पीक राखण्याची किंमत समाजाने दिली नाही, तर प्रत्येक प्रकल्प जमिनीलगतच होईल आणि जमीन कुंपणाआडच जाईल. वीज नियामक आयोगाने शेतीसह सौरवीज हा स्वतंत्र वर्ग मानून त्याचा दर ठरवावा, ही दुसरी मागणी.

तिसरी मागणी मालकीची. अर्धा एकर भाड्याने दिला तर शासनाच्या दराने वर्षाला साधारण पंचवीस हजार रुपये मिळतात. तेवढ्याच जागेत जमिनीलगत मावणारे शंभर किलोवॅटचे पॅनेल वर्षाला सव्वा लाखाहून अधिक युनिट वीज देऊ शकतात. तीन रुपये दर धरला तरी पावणेचार लाखांची विक्री होते. त्यातून कर्जाचे हप्ते, विमा आणि देखभाल वजा करावीच लागेल. तरीही जमीन भाड्याने देणाऱ्याच्या हाती आणि प्रकल्पाच्या मालकाच्या हाती जाणाऱ्या पैशातला फरक लपत नाही. गुंठ्यांत विभागलेल्या शेतकऱ्याला एकट्याने हे झेपणार नाही. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ मध्ये सौरपंपधारकांची सहकारी मंडळी काढली आणि पंपाला नको असलेली वीज कंपनीला विकायला सुरुवात केली. ज्या महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढला, त्याला सहकार शिकवावा लागू नये. आदिवासी शेतकऱ्यांच्या आणि महिला बचत गटांच्या सौर संस्थांना शासनाने हमी देऊन कर्ज मिळवून द्यावे. त्यात भूमिहीन मजुरालाही भागधारक होता आले पाहिजे.

चौथी मागणी कायद्याच्या जपणुकीची. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींच्या हाती जाऊ नये म्हणून जमीन महसूल संहितेत ३६ आणि ३६ अ ही कलमे आहेत. वनहक्क कायद्याने मिळालेले पट्टे आणि सामूहिक हक्क आहेत, ग्रामसभेला पेसा कायद्याचे अधिकार आहेत. सौरऊर्जेच्या घाईत यांतले एकही कुंपण ओलांडले जाऊ नये. गायरान ही पडीक जमीन म्हणून नोंदली जाते, पण ती गावाच्या गुरांचे कुरण असते. तिचा निर्णय ग्रामसभेत, बायकांच्या उपस्थितीत, मराठीत लिहिलेल्या आणि मोठ्याने वाचून दाखवलेल्या कराराने व्हावा.

आणि पाचवी मागणी ज्ञानाची. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र इगतपुरीला आहे. भात, नागली, वरई, खुरासणी ही त्या परिसराची पिके. कोणत्या वाणाला किती सावली सोसते, पन्हाळीच्या पाण्यावर किती गुंठे उन्हाळी भाजी होते, दोन रांगांत किती अंतर ठेवावे, याची तीन वर्षांची पद्धतशीर मोजणी त्या केंद्राने शेतकऱ्यांच्याच शेतात करावी. अपयशही छापावे. त्याशिवाय जो आकडा सांगितला जाईल तो विक्रेत्याचा असेल.

या सगळ्याला त्र्यंबकमध्ये वेळेची एक संधीही जोडून आली आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ठरले आहे. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात कुशावर्तावर अमृतस्नाने होतील आणि जुलै २०२८ पर्यंत पर्व चालेल. त्यासाठी रस्ते रुंद होतील, घाट बांधले जातील, वाहनतळ आणि साधुग्राम उभे राहतील, विजेच्या नव्या वाहिन्या टाकल्या जातील. हजारो कोटींच्या या कामांत तालुक्याच्या शेतकऱ्याकडून बहुतेक वेळा एकच गोष्ट मागितली जाते, ती म्हणजे जमीन. या वेळी त्याला काही द्यायचेही ठरवावे. कुंभासाठी येणारी वीजवाहिनी आणि उपकेंद्रे पर्व संपल्यावरही राहणार आहेत. पाड्यापाड्यावरच्या छोट्या सौरशेतीची वीज त्यांत सोडता येईल अशी क्षमता आताच ठेवली, तर तो खर्च पुढची पंचवीस वर्षे उपयोगी पडेल. वाहनतळांवर आणि शासकीय इमारतींच्या छतांवर आधी पॅनेल लागावेत. शेतजमिनीकडे त्यानंतरच यावे. मोकळी छपरे असताना खाचराकडे बोट दाखवणे गैर आहे.

या योजनेचे यश किती मेगावॅट उभारले यावर मोजले गेले, तर ती कागदावर लवकर यशस्वी होईल. त्र्यंबकमध्ये ते दुसऱ्या तीन गोष्टींवर मोजावे: दिवाळीनंतर गिरणारेच्या बाजारात उभी राहणारी किती माणसे आपल्याच शेतात थांबली, एप्रिलमध्ये किती शेततळ्यांत पाणी होते आणि विजेच्या बिलातून किती पैसे आदिवासी घरात गेले. सूर्याची वीज महाराष्ट्राला हवीच आहे. ती शेतकऱ्याला शेतकरी ठेवून मिळू शकते, याचे पुरेसे पुरावे जगाने दिले आहेत. आता उरला आहे तो शासनाचा निर्णय. त्या निर्णयाच्या पहिल्या ओळीत पीक लिहिलेले असावे आणि दुसऱ्या ओळीत वीज.